डेक मोठा की विमान?

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे नवे पैसे चलनात आले. आणे आणि पै मागे पडू लागले. शेर-मणाच्या जागी किलो आणणारा कायदा संसदेने आदल्याच वर्षी केला होता. देश असा दशमानाकडे निघालेला असताना, त्याच १९५७ मध्ये नौदलासाठी एक अर्धवट राहिलेले ब्रिटिश विमानवाहू जहाज विकत घेतले गेले, आणि त्याची एकूण एक रेघ फूट-इंचांत आखलेली होती. ‘हर्क्युलिस’ हे त्याचे मूळ नाव. १९४५ मध्ये ते पाण्यात उतरले, पण महायुद्ध संपले आणि पुढचे काम थांबले. बेलफास्टच्या गोदीत ते पूर्ण झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ म्हणून आपल्या नौदलात आले. लांबी ७०० फूट, म्हणजे सुमारे २१३ मीटर.

विक्रांतचे वजन किती, या प्रश्नाला मात्र निरनिराळी उत्तरे मिळतात आणि त्यातली बरीचशी बरोबर असतात. ब्रिटिश टन २२४० पौंडांचा, म्हणजे १०१६ किलोंचा. अमेरिकी टन २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. मेट्रिक टन १००० किलोंचा. त्यातही जहाज इंधनासह तोलायचे की इंधनाविना, हा प्रश्न उरतोच. हा घोळ मिटवण्यासाठी १९२२ च्या वॉशिंग्टन नौदल कराराने ‘प्रमाणित विस्थापन’ ठरवून दिले: दारूगोळा, माणसे, शिधा सगळे धरायचे, पण इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी वगळायचे. विमानवाहू नौकेला मर्यादा घातली २७,००० टनांची. जहाज किती मोठे बांधता येईल हे त्यामुळे या व्याख्येवर ठरू लागले. व्यापारी जहाजाचा ‘ग्रॉस टनेज’ तर वजनाचा आकडाच नव्हे, तो आतल्या जागेचा आहे. बातमीत युद्धनौका आणि तेलवाहू जहाज ‘इतक्या टनांचे’ म्हणून शेजारी-शेजारी छापले जातात, तेव्हा त्या आकड्यांची तुलना करू नये.

विक्रांतवर कोणती विमाने घ्यायची, हे त्या ७०० फुटांनी आणि डेकवरच्या वाफेच्या कॅटापुल्टने ठरवले. ब्रिटिश ‘सी हॉक’ लढाऊ विमाने घेतली, पाणबुड्या हुडकायला फ्रेंच ‘अलिझे’ घेतली. कॅटापुल्ट विमानाला काही सेकंदांत हवेत फेकतो, पण डेकवरून समोरून वाहणारा वारा त्यालाही लागतोच. म्हणून विमाने उडवताना जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पूर्ण वेगाने धावते. वारा १० नॉटचा आणि जहाज २० नॉटने निघालेले, तर विमानाला ३० नॉट फुकट मिळतात. १९७१ च्या युद्धात हाच हिशेब अडला. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे जहाजाचा वेग उतरलेला. तरीही विक्रांत बंगालच्या उपसागरात लढली. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. एका बॉयलरमागे किती विमाने आणि किती बॉम्ब अडकलेले असतात, हे ज्यांनी त्या दिवसांत डेकवर काम केले त्यांना पुरते ठाऊक होते. मला त्यांचे फार मोठे कौतुक वाटते.

नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. सागरी मैल जमिनीवरच्या मैलासारखा कुणा राजाच्या मर्जीने ठरलेला नाही. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, तो एक सागरी मैल. नकाशाच्या कडेवरून कर्कटकाने अंतर थेट मोजता येते, म्हणून दशमान आले तरी दर्यावर्दींनी तो सोडला नाही. पृथ्वी अगदी गोल नसल्याने ही कलाही जागोजागी थोडी बदलते. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने १८५२ मीटर हा आकडा ठरवला, ब्रिटिश नौदल मात्र बराच काळ ६०८० फुटांचाच मैल वापरत राहिले. फरक सव्वा मीटरच्याही आतला.

मग आला सी हॅरियर. तो उभ्याउभ्या डेकवर उतरतो, त्याला अडवून थांबवणाऱ्या तारा लागत नाहीत, कॅटापुल्ट लागत नाही. डेकचे टोक थोडे वर उचलून चढण केली, म्हणजे स्की-जंप बसवली, की तो जास्त भार घेऊन उडतो. १९८३ च्या डिसेंबरात पहिले सी हॅरियर गोव्यात दाबोळीला आले. १९८७ मध्ये फॉकलंडच्या लढाईतली ‘हर्मिस’ आपण घेतली, ती ‘विराट’. विक्रांतवरही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्की-जंप बसली आणि कॅटापुल्ट गेला. तो गेल्यावर अलिझेला जहाजावर जागा राहिली नाही. हा निर्णय मला आपल्या नौदल विमानदलाच्या इतिहासातला सर्वांत लांब सावलीचा वाटतो. कॅटापुल्ट नसेल तर रडारची मोठी छत्री घेऊन तासन् तास फिरणारे विमान जहाजावरून उडत नाही. ते काम आजही आपण कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरकडून करून घेतो. सी हॅरियरचीही मर्यादा होती. उष्ण हवेत इंजिनाचा रेटा कमी पडतो आणि न वापरलेली शस्त्रे घेऊन उभे उतरणे कठीण होते. २०१६ मध्ये तो निवृत्त झाला. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर तिन्ही पाहायला मिळतात. गोव्यात गेलात तर समुद्रकिनाऱ्यावरचा एक तास कमी करून तिथे जरूर जा.

‘गोर्श्कोव्ह’ या रशियन विमानवाहू जहाजाचा २००४ चा करार म्हणजे जहाज आणि विमान एकाच वेळी निवडल्याचे उदाहरण. पुढच्या डेकवरची क्षेपणास्त्रे काढून तिथे सुमारे १४ अंशांची चढण बांधायची आणि मिग-२९के घ्यायचे. सुखोई-३३ त्या जहाजाला मोठे पडले असते. कागदावर सगळे जुळले. प्रत्यक्षात २००८ ला यायचे जहाज ‘विक्रमादित्य’ होऊन नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाले, आणि नूतनीकरणाचा ९७.४ कोटी डॉलरचा आकडा सुमारे २३५ कोटींवर गेला. कॅगच्या २०१६ च्या अहवालाने मिग-२९केच्या सज्जतेचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्के असल्याचे नोंदवले. दहा विमाने असून जेमतेम दोन-चार उडत असतील, तर डेक मोठा घेऊन काय करायचे?

ब्रिटिश परंपरेचे विमान उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये दाखवते. सोव्हिएत परंपरेत उंची मीटरमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये. खुद्द रशियाने आपल्या आकाशातल्या उंच हवाई मार्गांसाठी फूट स्वीकारले ते २०११ मध्ये. दोन्ही घराण्यांची यंत्रे एकाच नौदलात सांभाळायची म्हणजे पाने, बोल्ट, सुटे भाग आणि पुस्तके दोन-दोन ठेवायची. विमानांच्या किमतीबरोबर हा खर्च कधी छापला जात नाही.

दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि तारा बांधून चाचणी केंद्र उभारले आहे. २० डिसेंबर २०१४ रोजी तिथून सागरी तेजसने पहिल्यांदा चढणीवरून झेप घेतली. चालक होते कमोडोर जयदीप मावळणकर. ११ जानेवारी २०२० रोजी त्यांनीच तेजस विक्रमादित्यवर उतरवले. तरीही एका इंजिनाचे हे विमान पुरेसा भार घेऊन डेकवरून उडू शकत नाही, असे नौदलाने २०१६ मध्येच जाहीर केले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मावळणकरांनी केले ते जगात मोजक्याच देशांनी स्वतःच्या विमानाने केले आहे, आणि नौदलाचा नकारही योग्यच होता.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत बांधलेली नवी विक्रांत दाखल झाली. लांबी २६२ मीटर, वेग २८ नॉट, पल्ला ७५०० सागरी मैल. लांबी मीटरमध्ये आणि वेग नॉटमध्ये, हे मिश्रण आता कुणाला खटकत नाही. तिचा आराखडा झाला तेव्हा मनात मिग-२९के होते. त्याचे पंख दुमडले की तो ८ मीटरच्या आत येतो, आणि तिच्या लिफ्टची रुंदी सुमारे १० मीटर. पुढे मिगला पर्याय शोधताना गोव्याच्या त्याच चढणीवर २०२२ मध्ये फ्रेंच राफेल-एम आणि अमेरिकी सुपर हॉर्नेट उडवून पाहिले. राफेलचे पंख दुमडत नाहीत, आणि ते पावणेअकरा मीटरांहून थोडे जास्तच भरतात. सुपर हॉर्नेटचे दुमडतात. तरीही एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एमचा करार झाला: २२ एका आसनाची, ४ दोन आसनांची. वायुदलाकडे ३६ राफेल आधीपासून असल्याने प्रशिक्षण आणि देखभाल यांत मोठी सोय होते. मिगच्या सज्जतेचे आकडे आठवले की हे कारण मला लिफ्टच्या सेंटिमीटरांपेक्षा वजनदार वाटते.

आता प्रश्न पुढच्या जहाजाचा आहे. चीनने लियाओनिंग आणि शानदोंग या दोन्ही नौकांवर स्की-जंप ठेवली, पण २०२२ मध्ये पाण्यात उतरवलेल्या फुजियानवर विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट बसवले. बंगळुरूत दुमडत्या पंखांच्या, दोन इंजिनांच्या नव्या सागरी लढाऊ विमानाचा आराखडा आकार घेतो आहे. ते चढणीवरून उडणार की कॅटापुल्टवरून, यावर त्याच्या पुढच्या चाकाचा पाय किती जाड करायचा इथपासून सारे ठरते. कॅटापुल्ट त्याच पायाला धरून विमान ओढतो. जहाजाचे पोलाद कापायच्या आधी हे उत्तर नौदलाकडून यायला हवे.