कांदाचाळीवरचा कॅमेरा : चित्रण किती दिवस टिकते?



निफाड, येवला, चांदवड, देवळा या भागांत उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत जातो आणि भाव पाहून पार सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत बाहेर निघतो. चाळीवर कॅमेरा बसवला की राखण झाली, असं आपण समजतो. पण चोरी होते एका रात्री, आणि मागच्या अंगाचा कांदा कमी झाल्याचं ध्यानात येतं महिन्याभराने. तेव्हा डीव्हीआर उघडावा, तर त्या रात्रीचं चित्रण केव्हाच पुसलेलं!

असं का होतं? डीव्हीआर म्हणजे चित्रण साठवणारी पेटी. तिच्यातली हार्ड डिस्क ही ठरावीक मापाची चाळ समजा. ती भरली की नव्याला जागा करण्यासाठी सर्वांत जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. म्हणजे दिवस ठरतात दोन गोष्टींवर : चाळ केवढी, आणि रोजची आवक किती.

हिशेब सोपा आहे. ही आवक 'बिटरेट' या मापाने मोजतात. बिटरेट १ एमबीपीएस असेल, तर एक कॅमेरा दिवसरात्र मिळून सुमारे ११ जीबी जागा खातो. २ एमबीपीएसला २२ जीबी. असे चार कॅमेरे असतील, तर रोज सुमारे ८६ जीबी. १ टीबीची, म्हणजे १००० जीबीची डिस्क ११ दिवसांत भरली!

आवक कमी करण्याचे उपाय असे :

१) चित्र एच.२६५ पद्धतीने साठवावे. जुन्या एच.२६४ पेक्षा जवळजवळ निम्म्या जागेत तेवढेच स्पष्ट चित्र बसते.

२) सेकंदाला २५ चित्रांऐवजी १२ ते १५ चित्रे चाळीच्या राखणीला पुरतात. त्याबरोबर बिटरेटही उतरवावा. मात्र चेहरा व गाडीचा नंबर ओळखू येतो ना, हे रात्री स्वतः पाहून घ्यावे.

३) हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग होईल, अशी सोय वापरावी. पण हलणारी फांदी, पाऊस, दिव्याभोवतीचे किडे, काचेवरचे कोळ्याचे जाळे यांनाही कॅमेरा हालचालच समजतो. म्हणून काच पुसावी, फांदी छाटावी.

एवढे करूनही दिवस पुरत नसतील, तर मोठी डिस्क घ्यावी. ती सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली असावी. पेटी धूळ व उन्हापासून दूर, घरात ठेवावी. वीज गेली तर त्या वेळचे चित्रण होतच नाही. म्हणून कॅमेरे व पेटी, दोन्हींना बॅटरीचा आधार द्यावा.

मग किती दिवसांची साठवण हवी? चाळ तुम्ही जितक्या दिवसांनी नीट पाहता, त्याहून जास्त. दर पंधरा दिवसांनी फेरी असेल, तर निदान महिनाभराची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतील चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रे न मिळाल्यास निदान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. तक्रार उशिरा येते, हे तिथंही खरंच आहे.

चोरी लक्षात आली, की पहिलं काम : त्या वेळचं चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. उशीर कराल, तर नवं चित्रण त्यावर बसेल. पेटीचं घड्याळ पुढे-मागे असेल, तर फरक लिहून ठेवा. डिस्क पुसू नका, पोलिसांना दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याची माहिती ठाण्यात विचारा.

आज संध्याकाळी एवढं कराच : पेटी उघडा आणि सर्वांत जुनी तारीख कोणती दिसते, ते पाहा. तुमची राखण तेवढ्याच दिवसांची आहे.