मुक्या गोळ्याची बोली

४ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री कझाकस्तानच्या ओसाड माळावरून सोव्हिएत संघाचे आर-७ रॉकेट झेपावले आणि माणसाने घडवलेली वस्तू पहिल्यांदाच पृथ्वीभोवती फिरू लागली. स्पुटनिक-१ हा जेमतेम ५८ सेंटीमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा, चकचकीत धातूचा गोळा. त्याला मागे वळवलेल्या चार लांब अँटेना. पोटात बॅटऱ्या, उष्णता सांभाळणारा एक पंखा आणि रेडिओ प्रक्षेपक. शास्त्रीय उपकरण म्हणावे असे त्यात काहीच नव्हते.

मूळ बेत मोठा होता. मुख्य अभियंता सर्गेई कोरोल्योव यांना उपकरणांनी भरलेला जड उपग्रह सोडायचा होता, पण तो वेळेत तयार होईना. अमेरिकेनेही उपग्रहाची घोषणा केलेली होती. मग आधी ‘सर्वांत साधा उपग्रह’ पाठवायचे ठरले. संदेशासाठी २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी निवडल्या, म्हणजे जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनाही ‘बीप-बीप’ ऐकू यावी.

ती ऐकणाऱ्यांत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतले दोन तरुण होते, विल्यम गायर आणि जॉर्ज वायफनबाख. त्यांनी बीप टेपवर नोंदवली, तेव्हा तिचा सूर एकसारखा नाही हे ध्यानात आले. फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते. जवळ येताना सूर चढा असतो, समोरून गेली की एकदम उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर धावणाऱ्या स्पुटनिकची २० मेगाहर्ट्झची लहर येता-जाता सुमारे ५०० हर्ट्झने सरकत होती. सूर किती वेगाने उतरतो, एवढ्यावरून उपग्रह किती अंतरावरून गेला ते कळते. एका जागी बसून, नुसत्या आवाजावरून, दोघांनी त्याची कक्षा काढली.

१९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला. ऐकणाऱ्याची जागा ठाऊक असली की उपग्रह सापडतो; मग उपग्रहाची कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा का सापडू नये? यातून पाणबुड्यांना आपले ठिकाण सांगणारी ‘ट्रान्झिट’ प्रणाली उभी राहिली. जीपीएसची मोजण्याची रीत वेगळी, पण आकाशातल्या उपग्रहांना विचारून जमिनीवरची जागा शोधायची वाट तिथूनच निघाली.

स्पुटनिकनंतर घटना भराभर घडल्या. जानेवारी १९५८ अखेरीस अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ उडाला आणि त्याच्या नोंदींतून पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे उलगडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नासाचे काम सुरू झाले. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात गेले, तेही आर-७ च्याच सुधारित रॉकेटवरून.

बॅटऱ्या संपल्या आणि तीन आठवड्यांत स्पुटनिक मुका झाला. तरी तो फिरतच राहिला. विरळ हवेच्या घर्षणाने त्याची फेरी आखूड होत गेली आणि ४ जानेवारी १९५८ रोजी वातावरणात शिरून तो जळाला. त्याच्या रॉकेटची आणि पुढच्या उपग्रहांची कक्षा कशी आक्रसते, हे मोजूनच शास्त्रज्ञांनी शेकडो किलोमीटर उंचीवरच्या हवेची घनता काढली. ती आधीच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. उपकरण नसलेल्या त्या गोळ्याने शिकवले ते हेच: नीट कान लावणारा असेल, तर मुकी वस्तूही बोलते.