दोन दारांची गाडी, पेव्हर ब्लॉकचा रस्ता

कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत खरीखुरी कूपे, म्हणजे दोन दारांची, उतरत्या छपराची, जमिनीला चिकटून चालणारी गाडी क्वचितच दिसते. गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म नावाची दोन दारी स्पोर्ट्‌स कार काढली होती, पण ती कधी सगळीकडे दिसली नाही. त्यामुळे इकडच्या पोरांनी कूपेची हौस चाकांवर भागवली. एमएच-०५ पासिंगची स्विफ्ट किंवा पोलो घ्यायची आणि खाली काळीभोर मॅकव्हील, म्हणजे अलॉय चाकं, लावायची, हा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला जुना रिवाज आहे. अलीकडे मात्र जुन्या गाड्यांच्या बाजारात वापरलेल्या जर्मन कूपे नव्या एसयूव्हीच्या भावात मिळू लागल्या आहेत. २०२४ मध्ये टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट आल्यापासून तर ‘कूपे’ हा शब्द उंच गाड्यांनाही चिकटला. गाडी कुठलीही असो, चाकं बदलताना ऐकू येणारी वाक्यं ठरलेली असतात आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात.

“होल जुळले की चाक बसलं, दादा”

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, होंडा सिटी या तिघींचा पीसीडी ४×१००, म्हणजे चार बोल्ट आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. म्हणून दुकानदार एकच सेट तिघींनाही दाखवतो. पण चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाचं, म्हणजे सेंटर बोअरचं माप स्विफ्ट आणि आय-ट्वेंटीत ५४.१ मिलिमीटर आहे, सिटीत ५६.१. स्विफ्टचं मूळ चाक सिटीच्या हबवर चढणारच नाही. सिटीचं चाक स्विफ्टवर चढेल, पण मध्ये दोन मिलिमीटरचा खेळ राहील. मग ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, गिऱ्हाईक तीनदा बॅलन्सिंग करून घेतं आणि दोष मात्र टायरला देतं. तो खेळ भरून काढायला हब रिंग नावाची साधी कडी मिळते. ती मागून घ्यायची.

नटांचंही तसंच. मारुतीच्या स्टडचा आटा १२×१.२५, ह्युंदाई-होंडाचा १२×१.५. जबरदस्तीने फिरवला की आटा गेला. फोक्सवॅगनमध्ये तर नट नसून बोल्ट असतो आणि कंपनीच्या बोल्टचं टोक गोल बैठकीचं असतं. बाहेरच्या अलॉयला बहुतेक वेळा शंकूच्या आकाराची बैठक असते. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात आवळला तर धातू धातूला जेमतेम एका रेघेवर टेकतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून जास्त धोका.

कूपेकडे वळू. फोर्ड मस्टँगचा पीसीडी ५×११४.३ आणि ह्युंदाई क्रेटाचाही तोच. क्रेटाची चाकं गल्लोगल्ली मिळतात, तेव्हा कुणाच्याही डोक्यात दिवा पेटेल. पण मस्टँगचा हब ७०.५ मिलिमीटरचा आणि क्रेटाच्या चाकाचं भोक ६७.१ चं, त्यामुळे दिवा तिथेच विझतो. जुन्या बीएमडब्ल्यूंचा पीसीडी ५×१२०, नव्यांचा ५×११२. जुन्या बीएमडब्ल्यूला ऑडी-मर्सिडीजचा ५×११२ चा सेट ‘जर्मनच आहे ना’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडावं.

चौथं माप ऑफसेट, म्हणजे ईटी. चाक आत किती आणि बाहेर किती बसणार हे त्यावर ठरतं. ईटी दहाने कमी असलेलं चाक दहा मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाब येतो, पण बेअरिंगवर ताण वाढतो, टायर मडगार्डला घासतं आणि पावसाळ्यात चिखल थेट दारांवर उडतो.

“जेवढं मोठं चाक, तेवढी स्पोर्टी गाडी”

इथे जरा हिशेब करू. स्विफ्टच्या साध्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ टायर येतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंच साईडवॉल, तिसरा रिमचा व्यास इंचात. साईडवॉल १३२ मिलिमीटर आणि पूर्ण चाकाची उंची सुमारे ६२०. वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५ येतं आणि त्याची उंची ६२१.५. म्हणजे कंपनीने रिम एक इंचाने वाढवली, पण चाकाची एकूण उंची जवळपास तीच ठेवली. अपसायझिंगचा खरा नियम हाच आहे. त्याच नियमाने पुढे गेलं की १९५/५५ आर१६ येतं, उंची ६२१. इथवर ठीक. आणखी पुढे २०५/४५ आर१७, उंची ६१६, तीही कागदावर बसते.

आता उंची सोडून फक्त साईडवॉल बघा. १३२, १२०, १०७, ९२. चौदा इंचाकडून सतराकडे जाताना रिम आणि खड्डा यांच्यातलं चार सेंटिमीटर रबर गेलं. आपल्याकडे खड्डा नुसता खड्डा नसतो. पावसाळ्यात त्यात पेव्हर ब्लॉक टाकतात, मग त्यातला एखादा निखळतो आणि शेजारचा उभी धार काढून बसतो. त्या धारेवर ९२ मिलिमीटरचं टायर आपटलं की रबर रिम आणि दगडात चिमटलं जातं, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी साईडवॉलवर लिंबाएवढा फुगा येतो. फुग्याला पंक्चर काढता येत नाही, पॅच लागत नाही, टायर फेकावंच लागतं. बहुतेक वेळा सोबत रिमचा ओठही वाकतो.

म्हणून कूपेवाल्यांना माझा सल्ला उलटा असतो. एक इंच खाली या. २४५/३५ आर१९ ची उंची ६५४ मिलिमीटर आणि २४५/४० आर१८ ची ६५३. स्पीडोमीटरला फरक कळणार नाही, पण साईडवॉल ८६ वरून ९८ वर जाते. अठराचं टायर सहसा स्वस्तही असतं. युरोपात कितीतरी लोक हिवाळी टायर लावताना असंच एक इंच खाली उतरतात. अट एकच, लहान रिममध्ये ब्रेकचा कॅलिपर मावला पाहिजे. पैसे देण्याआधी एक चाक चढवून हाताने फिरवून बघायचं. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडे घ्यायचं नाही.

रिम वाढवली नाही आणि नुसतं रुंद टायर घेतलं तरी पावसात पकड वाढत नाही. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि ते साठलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतं. उल्हास नदी फुगली की बदलापुरात काय होतं ते २०१९ च्या जुलैमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. एवढा पाऊस रोज नसतो, पण रस्त्यावर चार बोटं पाणी रोजचंच. ओल्या रस्त्यावर रबराचा दर्जा आणि नक्षीची खोली कामाला येते. नक्षीसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण आपल्या पावसात तीनच्या खाली गेलेलं टायर मी तरी ठेवणार नाही.

अलॉय म्हणजे हलकं, हीही अशीच गोड समजूत. महागडी फोर्ज्ड चाकं खरोखर हलकी असतात. स्वस्त ओतीव सोळा इंची अलॉय कंपनीच्या चौदा इंची लोखंडी चाकापेक्षा जड निघू शकतं. खात्री करायची तर भंगारवाल्याचा काटा आहेच. चाक जड झालं की मायलेज, ब्रेक आणि सस्पेन्शन तिघांनाही ते ओढावं लागतं.

“उल्हासनगरचा माल, म्हणजे ड्युप्लिकेटच”

‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा विनोद इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरलेल्या सिंधी माणसांनी शून्यातून बाजार उभा केला, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं आणि नकलेचा शिक्का पुढे त्या नावाला चिकटून बसला. चाकांच्या बाबतीत मात्र दुकान कुठल्या कॅम्पात आहे याने काही ठरत नाही. जगभर गाजलेल्या जपानी-जर्मन चाकांच्या नकला मुंबईत, पुण्यात, ऑनलाईन सगळीकडे विकल्या जातात. रेप्लिका म्हणजे आपोआप वाईट, असंही नाही. बघायचं ते चाक उलटं करून. मागच्या बाजूला साईज, पीसीडी, ईटी आणि किती किलोचं वजन पेलेल हे ओतलेलं असतं. आयएसआयची खूण आहे का बघा, किंवा जेडब्ल्यूएल ही जपानी खूण. जेडब्ल्यूएल म्हणजे बनवणाऱ्याने स्वतः चाचणी केल्याचा दावा. शेजारी व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेनेही तपासलंय. वजनाचा आकडाच नसलेलं चाक फुकट मिळालं तरी नको.

दुसरी समजूत अंबरनाथची. “सीएटची फॅक्टरी आपल्या एमआयडीसीत आहे, ओळखीतून स्वस्तात काढून देतो.” कारखाना खरा आहे. पण तिथून निघतात ती शेतीची आणि अवजड यंत्रांची टायरं. ट्रॅक्टरला लागतील, कूपेला नाही.

टायर खरोखर स्वस्त झालं ते दुसऱ्या कारणाने. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत वीस हजार धरली तर आधी २५,६०० मोजावे लागत, आता २३,६००. अजूनही कुणी जुन्या दराची यादी काढून त्यावर ‘खास तुमच्यासाठी’ सूट देत असेल, तर बिल मागा. मोठ्या मापांची गोष्ट वेगळी. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून कूपेला लागणारी अठरा-एकोणीस इंची विदेशी टायरं कधी मिळतात, कधी नाही. म्हणून आधी आपल्या मापाचं टायर सहज मिळतं का ते बघावं आणि मगच रिम निवडावी. लोक बरोब्बर उलटं करतात.

स्वस्तातला सगळ्यात चांगला माल म्हणजे नव्या गाडीवरून उतरवलेली कंपनीची अलॉय. कुणीतरी शोरूममधून गाडी काढतो, त्याच आठवड्यात मोठी चाकं लावतो आणि मूळ सेट विकून टाकतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून आपल्या इथल्या टायरवाल्यापर्यंत असे सेट फिरत असतात. माप, वजन, बैठक सगळं कंपनीचं. फक्त वेल्डिंग केलेलं चाक टाळायचं. वाकलेला ओठ सरळ करता येतो, पण आऱ्याला गेलेली चीर झाळून आणि वर पावडर कोटिंग करून दिलेलं चाक घेऊ नये. अलॉयला ताकद कारखान्यातल्या उष्णोपचाराने आलेली असते, गॅसच्या ज्योतीने ती तेवढ्या भागात मऊ पडते.

वापरलेलं टायर मात्र मी सुचवणार नाही. तरी घ्यायचंच असेल तर एक गोष्ट बघा. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्या रेषेत आतल्या चरीत बघितलं की रबराची आडवी पट्टी दिसते, १.६ मिलिमीटर उंचीची. टायर गोटा झाल्यावर गरम पात्याने नवी नक्षी कोरली, की ही पट्टी त्यासोबत कापली जाते. चर खोल आहे आणि पट्टी कुठेच नाही, असं टायर काळ्या पॉलिशने कितीही चमकत असलं तरी दुकानातच सोडून यावं. वय बघायचं डॉट अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नीट ठेवलेलं वर्षभरापूर्वीचं नवं टायर जुनं होत नाही, उगाच वाद घालू नका. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या.

नायट्रोजनचं काय? हवेत तो ७८ टक्के असतोच. पंपावरची साधी हवा दर पंधरा दिवसांनी बघितली तर पुरे.

जुन्या बीएमडब्ल्यू कूपेसोबत रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारं टायर आलेलं असतं आणि स्टेपनीला जागाच नसते. साधं टायर लावलं तर गाडी मऊ चालते, खर्चही कमी येतो. पण मग डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर हवाच, नाहीतर काटई रोडवर रात्री अकरा वाजता टोइंगवाल्याची वाट बघत बसावं लागेल.

कायद्याबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो अलॉय लावलं की दंड, दुसरा म्हणतो काही होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदणीशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका खटल्यात हेच बजावलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेलं माप वापरलं तर बिनघोर राहता येतं, मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक मात्र स्वतःहून पोलिसाला हात करतं. टायरवरचा लोड इंडेक्सही कंपनीच्या आकड्याच्या खाली जाऊ देऊ नका. ८८ म्हणजे ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५. विम्याचं म्हणाल तर बाहेरून लावलेली चाकं पॉलिसीत आपोआप येत नाहीत. ॲक्सेसरी म्हणून किंमत कळवून वेगळा प्रीमियम भरावा लागतो.

नवा सेट लागला की अलाइनमेंट करून घ्या. नट हवेच्या गनने नुसते टकटक न आवळता, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळून घ्या. मस्टँगला तो आकडा दोनशे न्यूटन-मीटरच्या वर आहे, पोलोला १२०. मग बारवी धरणाच्या बाजूने मुरबाडपर्यंत निवांत एक चक्कर मारा आणि परत आल्यावर, चाकं थंड झाली की, चारही चाकांचे नट त्याच रेंचने पुन्हा तपासून घ्या.