गॅस गिझर का पेटत नाही?

थंडीची चाहूल लागली की शहरांतील गिझर दुरुस्त करणाऱ्यांना उसंत मिळत नाही. तक्रार बहुधा एकच असते : नळ सोडला, पण गिझर पेटत नाही. गंमत अशी की यांतील अनेक तक्रारींत दोष गिझरचा नसतोच.

गॅस गिझरमध्ये पाणी साठवलेले नसते. नळ सोडताच वाहत्या पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो, गॅसची झडप उघडते आणि सेलच्या जोरावर ठिणगी पडते. ज्योत तांब्याच्या नळीतील वाहते पाणी तापवते. त्यामुळे तपासणीची सुरुवात कानाने करावी. नळ सोडल्यावर ठिणगीचा 'टकटक' आवाज येतो का? येत नसेल, तर आधी दोन्ही सेल बदलून पाहावेत. आवाज येऊनही ज्योत पेटत नसेल, तर सिलिंडर, रेग्युलेटर व गॅसची नळी तपासावी. मात्र गॅसचा वास येत असेल, तर ठिणगी पाडूच नये. सिलिंडर बंद करून खिडक्या उघडाव्यात.

सेल नवे असूनही आवाज नसेल, तर संशय पाण्याच्या दाबावर घ्यावा. गच्चीवरील टाकीपासून नळ १० मीटर खाली असेल, तर सुमारे १ बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर हाच फरक जेमतेम २-३ मीटरचा असतो. एवढ्या दाबाने पडदा हलेलच असे नाही. दुसऱ्या मजल्यावर उत्तम चालणारा गिझर सातव्यावर रुसतो, तो यामुळे. पाणी आत येते तेथील जाळीत कचरा अडकला किंवा बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी शॉवरची छिद्रे बुजली, तरी परिणाम तोच. मिक्सरमध्ये थंड पाणी जास्त सोडल्यास गिझरमधील प्रवाह मंदावतो आणि अंघोळ अर्ध्यावर असताना ज्योत विझते. थंड पाणी बंद करून पाहिले की उलगडा होतो. काही गिझर ठरावीक मिनिटांनंतर आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे, सुरक्षेची सोय आहे.

सिलिंडरऐवजी पाइपचा गॅस घेतलेल्या घरांत जुनाच गिझर तसाच जोडणे चुकीचे ठरते. दोन्ही वायूंसाठी जेट वेगळे लागतात.

खरी चिंतेची खूण म्हणजे ज्योतीचा रंग. निळी ज्योत पिवळी झाली, आवरणावर काजळी धरली, तर ज्वलन अपुरे आहे, असे समजावे. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. अंघोळ करताना डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे ही लक्षणे पित्ताच्या खात्यावर टाकली जातात. वस्तुतः तो गिझरचा बिघाड असू शकतो. अशा वेळी गिझर बंद करून तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना गाठावे. गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवणे हाच त्यावरचा उपाय. एक्झॉस्ट पंखा लावला की काम भागले, हा समजही अपुरा आहे : बंद दाराच्या खोलीत बाहेरची हवा शिरायला वाटच नसेल, तर पंखा नुसता फिरत राहतो.