वर्गातली पलीकडची रांग

मराठीत 'वयात येणं' म्हटलं की डोळ्यांसमोर मुलगीच उभी राहते. मुलगी वयात आली, शहाणी झाली, तिला न्हाणं आलं, तिला कावळा शिवला. एवढे शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी एकट्या मुलीसाठी राखून ठेवले होते. मुलाला मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, आणि पुढे त्यानं काही मूर्खपणा केलाच तर 'गद्धेपंचविशी' म्हणून भाषाच त्याला पदराखाली घेते. मुलीच्या चुकीसाठी असा मायेचा शब्द नाही. तिनं थेट शेण खाल्लेलं असतं. भाषेत वयात येणं मुलीचं आणि पडद्यावर मात्र मुलाचं, हे कोडं मला गेली काही वर्षं सोडत नाही.

'शाळा' २०१२ च्या जानेवारीत चित्रपटगृहात लागला तेव्हा आम्ही शाळेतल्या चारजणी मिळून बघायला गेलो होतो. मिलिंद बोकिलांची कादंबरी आमच्या घराघरांत वाचून झालेली. सुजय डहाकेचा हा पहिलाच चित्रपट. कॅमेरा दिएगो रोमेरो या स्पॅनिश छायालेखकाचा, आणि त्यानं एका मराठी गावातलं ऊन, शाळेच्या भिंती, पोरांचे चेहरे असे काही टिपले होते की आम्हाला आमचीच शाळा दिसू लागली. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, चार मित्र, आणि मुकुंद जोशीच्या डोळ्यांत भरलेली शिरोडकर. पुढे या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. बाहेर पडताना आमच्यातली एक म्हणाली, "पण आपण कुठे होतो गं यात?"

तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. पण प्रश्न खरा होता. आम्ही पडद्यावर होतो की! पलीकडच्या रांगेत, दोन वेण्या घालून, वहीत मान खुपसून. मुलगा आमच्याकडे बघत होता आणि प्रेक्षक त्याच्या खांद्यावरून आमच्याकडे बघत होते. त्या रांगेतून काय दिसत होतं, हे विचारायला मात्र कॅमेरा आमच्या बाजूला आलाच नाही. 'शिरोडकर' हे आडनाव मराठी प्रेक्षकाच्या पिढीला पाठ आहे. तिचं पहिलं नाव विचारा, दहातले नऊजण अडखळतील.

मी त्या रांगेत दहा वर्षं बसले आहे, म्हणून सांगते. नववीतल्या मुलीच्या डोक्यात तेव्हा मुलगा असायचाच, पण त्याच्या आधी दुसरं बरंच काही असायचं. तास संपून उठायच्या आधी शेजारणीला खूण करायची, "मागे बघ ना जरा." ती एका नजरेत स्कर्ट तपासायची आणि मानेनं सांगायची, ठीक आहे. ठीक नसेल तर भर उन्हाळ्यात कुणाचा तरी स्वेटर कमरेला बांधला जायचा आणि तिघीजणी भिंतीसारख्या मागे चालत तिला घरापर्यंत पोचवायच्या. या सगळ्याचं नियोजन एक शब्द न बोलता व्हायचं. मुलांच्या रांगेत कुणाला पत्ता नसायचा. पौगंडावस्थेवरच्या ज्या मराठी चित्रपटांनी गेल्या पंधरा वर्षांत पैसा आणि नाव दोन्ही मिळवलं, त्यांत हा स्वेटर मला कुठे दिसलेला नाही.

२०१४ सालचे पहिले दीड महिने या बाबतीत फार बोलके आहेत. ३ जानेवारीला रवी जाधवांचा 'टाइमपास' लागला आणि १४ फेब्रुवारीला नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. दोन्हींत गोष्ट एकच: खालच्या थरातला मुलगा वरच्या थरातल्या मुलीवर जीव टाकतो. एकीकडे दहावी नापास, पेपर टाकणारा दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. दुसरीकडे डुकरं पकडायला लावल्या जाणाऱ्या कैकाडी कुटुंबातला जब्या आणि शालू. दगडूला संवाद आहेत, टाळ्या आहेत, गल्लीतली मित्रमंडळी आहेत. त्याची गरिबी रंगीत आहे, ती कुणाला टोचत नाही. असा दगडू आपण आधी अनेकदा पाहिलेला असतो: तोंडानं फटकळ, मनानं सोन्यासारखा, अभ्यासात ढ. वस्तीतल्या मुलाला मराठी पडद्यानं दिलेला हा ठरीव साचा. प्रथमेश परबनं त्यात जीव ओतला हे कबूल, पण खऱ्या वस्तीतली कितीतरी मुलं अभ्यासात ढ नसतात आणि सतत विनोदही करत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'शाळा'तली शिरोडकर आणि 'टाइमपास'मधली प्राजक्ता या दोन्ही भूमिका केतकी माटेगावकरनं केल्या. गोड गळ्याची, नाजूक, घाबरी, डोळ्यांनी बोलणारी. दोष त्या गुणी मुलीचा नाही. दोन वेगळ्या दिग्दर्शकांना, दोन अगदी वेगळ्या चित्रपटांसाठी 'आवडावी अशी मुलगी' म्हणून तोच चेहरा डोळ्यांसमोर आला आणि प्रेक्षकानं दोन्ही वेळा तो मान्य केला, याचा विचार व्हायला हवा. सावळी, दांडगी, वर्गात मोठ्यानं हसणारी मुलगी आपल्याकडे नायिकेची मैत्रीण होते आणि चिठ्ठ्या पोचवते.

'फँड्री'तली शालूही गोरीपान, दूरची, आणि तिच्या वाट्याला संवाद जवळजवळ नाहीतच. पण इथे मी मंजुळेंना दोष देणार नाही. शालूचं न बोलणं हाच त्या चित्रपटाचा गाभा आहे. जब्या तिच्याशी बोलू शकत नाही, कारण त्या दोघांच्या मध्ये अख्खं गाव उभं आहे. काळी चिमणी पकडून, जाळून, तिची राख अंगावर टाकली की शालू आपली होईल, या आशेवर पोरगा रानोमाळ हिंडतो. आणि अखेरीस गाव बघत असताना, शाळेतली मुलं हसत असताना, त्याला घरच्यांबरोबर डुकरामागे धावावं लागतं. मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं आणि तोंडाशी आलेलं डुकराचं सावज सोडून सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. नंतर डुक्कर बांबूला लटकवून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू दिसतात. जब्या ज्या वयात आहे त्या वयात आपल्याला कुणी बघू नये असं वाटतं, आणि नेमकं त्याच वयात त्याला सगळ्यांनी बघितलं. शेवटचा दगड तो भिरकावतो तो थेट आपल्याकडे. सोमनाथ अवघडे या हलगी वाजवणाऱ्या मुलाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पौगंडावस्था सगळ्यांची सारखीच असते, हा आपला लाडका समज या एका चित्रपटानं मोडीत काढला. कुणाची पौगंडावस्था मुरुमांवर भागते, कुणाची जातीवर येऊन आदळते.

तरीही, शालू त्या हसणाऱ्यांमध्ये का होती आणि त्या रात्री तिला झोप लागली का, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

२०१३ चा 'बालक-पालक' हा या यादीतला धीट चित्रपट. अंबर हडपच्या एकांकिकेवरून रवी जाधवांनीच केलेला. ऐंशीच्या दशकातली चाळ, व्हीसीआर, आणि मोठी माणसं सांगत नाहीत ते स्वतःच शोधायला निघालेली चार मुलं. त्या चौघांत डॉली आहे, आणि कॅसेट बघायला तीही बसते, ही मोठीच गोष्ट होती. मुलीलाही कुतूहल असतं, हे मराठी पडद्यानं इतक्या सरळपणे क्वचितच मान्य केलंय. पण सगळी गोष्ट सुरू कशानं होते? चाळीतल्या एका मोठ्या मुलीला बदनाम होऊन चाळ सोडावी लागते, यानं. मुलांचे प्रश्न तिच्यापासून सुरू होतात आणि ती मात्र गोष्टीतून निघून जाते. अखेरीला किशोर कदमांचे कदमकाका मुलांना जवळ घेऊन बोलतात, ते बोलणं प्रत्येक घरात व्हावं इतकं समंजस आहे. तसं कुणी त्या गेलेल्या मुलीशी बोललं असतं तर?

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'दहावी फ' (२००२) मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तुकडीचं अक्षर म्हणजे मुलाच्या कपाळावर मारलेला शिक्का कसा होतो, हे दाखवलं. 'विहीर'मध्ये उमेश कुलकर्णींनी एका मुलाला मृत्यूविषयी विचार करू दिला. गेलेल्या मावसभावाला शोधत हिंडणारा तो समीर पाहिला की वाटतं, चौदाव्या-पंधराव्या वर्षी माणूस जितका खोल विचार करतो तितका पुढे क्वचितच करतो. 'किल्ला'तला अकरा वर्षांचा चिन्मय वयानं लहान, पण वडिलांच्या जाण्यानं अकाली मोठा झालेला. कोकणातला पाऊस, किल्ल्यावर मित्रांनी एकट्याला सोडून जाणं आणि बदलीच्या गावी नोकरी सांभाळणारी आई. या चित्रपटाला २०१४ साली बर्लिनला मुलांच्या परीक्षक मंडळानं 'क्रिस्टल बेअर' दिलं. त्यातला बंड्या म्हणजे पार्थ भालेराव, किती भरलेली भूमिका होती ती! तीनच वर्षांनी हाच मुलगा 'बॉईज'मध्ये दिसला तेव्हा त्याच्या तोंडी द्व्यर्थी विनोद होते. चांगल्या नटाला साचा कसा गिळतो, हे बघताना मला खरंच वाईट वाटलं.

आणि मग २०१६ च्या एप्रिलमध्ये 'सैराट'. आर्ची ट्रॅक्टर चालवत आली तेव्हा आमच्या गावच्या टॉकीजमध्ये मुलांपेक्षा मुलींच्या शिट्ट्या जास्त होत्या. हे मी कानांनी ऐकलं आहे. शंभर कोटींच्या वर गेलेल्या या चित्रपटाच्या यशाची कारणं लोक गाण्यांत शोधतात. मला ती वर्गातल्या एका प्रसंगात सापडतात. आर्ची भर वर्गात परश्याकडे टक लावून बघते आणि ओशाळायची वेळ परश्यावर येते. इतकी वर्षं पलीकडच्या रांगेकडे बघितलं गेलं, आता पलीकडची रांग बघू लागली. अकलूजच्या रिंकू राजगुरूनं, शाळकरी वयात, ते बघणं असं केलं की पाटलाच्या लेकीचा माजही त्यात होता आणि पोरवयाची ओढही. तिचा राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख झाला.

पण माझ्या मते 'सैराट'चा खरा मोठेपणा उत्तरार्धात आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्चीला स्वयंपाक येत नाही, घर आठवतं, ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते, कमावते. आणि ज्या परश्याला ती आपल्याकडे बघते याचं अप्रूप होतं, तोच संशय घेऊन तिच्यावर हात उचलतो. प्रेमकथांत मुलगी मिळाली की गोष्ट संपते. इथे ती मिळाल्यावर मुलगा मोठा व्हायला लागतो, आणि ते सोपं नसतं. तेव्हा चर्चा झाली ती मुलं यामुळे पळून जातील का याची. त्या थपडेबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

मुलीच्या नजरेतून गोष्ट सांगणं आपल्याला ठाऊकच नव्हतं, असंही नाही. सुमित्रा भावे-सुकथनकरांचा 'दोघी' १९९५ चा. लग्नाच्या दिवशीच नवरदेव वाटेत मरतो, मोठी गौरी अपशकुनी ठरते, तिला मुंबईला पाठवलं जातं, आणि धाकटी कृष्णा हे सगळं बघत बघत मोठी होते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांच्यातलं ते बहिणींचं नातं आजही ताजं वाटतं. पण या वाटेनं पुढे फार कुणी गेलं नाही. वर ज्यांची नावं आली त्या दिग्दर्शकांत बाई एकच आहे, हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

मराठीबाहेर मात्र एक बाई या वाटेनं गेली. आसामच्या रीमा दासनं मुंबईत नटी होण्यासाठी धडपड केली, मग गावी जाऊन, स्वतःच लिहून, स्वतःच कॅमेरा धरून, स्वतःच संकलन करून 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. २०१८ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. दहा वर्षांच्या धुनूला गिटार हवी आहे. चित्रपटात तिला न्हाणं येतं, त्याचे विधी होतात, आणि नंतरही ती मुलांबरोबर झाडावर चढते म्हणून बायका आईला बोल लावतात. आई मुलीची बाजू घेते. एवढंच. कुणी भाषण करत नाही. मला तो स्वेटर पडद्यावर पहिल्यांदा तिथे भेटला.

आपल्याकडे आता जयंत सोमलकरांचा 'स्थळ' आला आहे. त्यातली सविता शाळकरी नाही, पदवीला आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. चित्रपट उघडतो तो तिच्या स्वप्नानं: पाटावर मुलगा बसलाय आणि बायका त्याला नाव, उंची, छंद विचारतायत. प्रेक्षागृह खदखदून हसतं. मग जाग येते, पाटावर सविता असते, प्रश्न तेच असतात, आणि हसू विरून जातं.

गेल्या दिवाळीत भाची घरी आली होती. तीही नववीतच. मी तिला 'शाळा' दाखवला. शिरोडकर गाव सोडून गेल्याचं कळतं आणि जोशी एकटा उरतो, तिथे दरवेळी माझा गळा दाटतो. भाची बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मावशी, जोशीचं कळलं. पण ती गेली कुठं? नव्या शाळेत तिच्या शेजारी कोण बसलं असेल?"