सहा राज्यांची गोंडी, एकाही राज्याची नाही

नागपूर शहर वसवले देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, 1702 साली. हे शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून सर्वांना पाठ आहे. पण या राजाच्या शहरात आज गोंडी कानावर पडते कुठे? हिवाळी अधिवेशनात गडचिरोलीहून मोर्चा आला की पडते. तेही मोर्चेकरी आपसात बोलतात तेव्हाच. मंत्र्याला द्यायचे निवेदन मराठीत, मंचावरचे भाषण मराठीत. परत जाताना एसटीत मात्र पुन्हा गोंडी!

ही भाषा मराठीची बोली आहे असा समज आपल्या शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. तो साफ चूक आहे. गोंडी द्रविड कुळातील भाषा आहे. गोंडीत तीनला मूंड, चारला नालूंग. तेलुगूत मूडू, नालुगू. मराठीशी हे नाते जुळत नाही. तिचे एक भावंड तर पार पाकिस्तानात बलुचिस्तानात आहे. ब्राहुई ही द्रविड भाषा तिथे बलोची या इराणी कुळातील भाषेच्या गराड्यात अजून तग धरून आहे.

बलुचिस्तानापर्यंत गेलोच आहोत तर थोडे पुढे पाहू. तुर्की आणि इराणी कुळांतील भाषांच्या प्रदेशात सीमा आखणाऱ्यांनी माणसे काय बोलतात हे क्वचितच विचारले. रशिया आणि इराण यांनी 1813 आणि 1828 च्या तहांनी अझरी भाषकांचा मुलूख वाटून घेतला. आज अझरबैजानपेक्षा अधिक अझरी भाषक इराणात आहेत. पलीकडे ती राजभाषा, अलीकडे ती घरची भाषा. एकीकडे ती रोमन लिपीत लिहितात, दुसरीकडे अरबी लिपीत. समरकंद, बुखारा ही ताजिक बोलणारी शहरे 1924 च्या आखणीत उझबेकिस्तानात गेली. कुर्दांची तर चार देशांत वाटणी झाली: तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया. कोटींच्या संख्येने असूनही प्रत्येक देशात ते अल्पसंख्य. तुर्कस्तानात कुर्दीत छापण्यावर कायद्याने बंदी होती, ती 1991 साली उठली. इराकने मात्र 2005 च्या संविधानात तिला राजभाषा केले. भाषा तीच, माणसे तीच. सरकार बदलले की तिचा दर्जा बदलतो.

हे दूरदेशीचे वाटते ना? मग आपल्या विदर्भाचा नकाशा उघडा.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. चांदा, भंडारा, यवतमाळ, छिंदवाडा, बैतूल, बालाघाट, मंडला, बस्तर हा गोंडी मुलखाचा मोठा भाग एकाच सरकारखाली होता. अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, हे राज्य मोडले. विदर्भ मुंबई राज्यात आला, मंडला-बस्तर हिंदी राज्यात राहिले, हैदराबादचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला. 2000 साली बस्तर छत्तीसगडमध्ये, 2014 साली आदिलाबाद तेलंगणात. ओडिशात काही गोंड आधीपासून होतेच. जुने सरकार गोंडीचे फार लाड करीत होते असे नाही. कारभार हिंदी-मराठीतच चाले. पण तक्रार करायला एक दार तरी होते. आता दारे सहा आहेत, आणि प्रत्येक दारावर सांगतात, शेजारी विचारा!

बाबासाहेबांनी 1955 साली भाषिक राज्यांवर लिहिले तेव्हा त्यांचा आग्रह होता की एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असलेच पाहिजे असे नाही. मराठी मुलखाचीही त्यांनी चार भागांत मांडणी केली होती. भाषिक राज्यात संख्येने मोठी असलेली जात सत्ता ताब्यात घेईल आणि लहान समाज तिच्या दयेवर जगतील, हे भय त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले. आपण हा इशारा नेहमी जातीपुरता वाचला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो भाषेलाही तितकाच लागू पडतो. जो समाज प्रत्येक राज्यात अल्पसंख्य आहे, त्याच्या भाषेचा वाली कोण?

आकडे पाहा. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 29 लाख 84 हजार. कोया वेगळी मोजली, ते आणखी चार लाखांवर. संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821. संस्कृत आठव्या अनुसूचीत पहिल्या दिवसापासून आहे, गोंडी अजून बाहेर. बोडोभाषक गोंडीच्या निम्मे, 14 लाख 83 हजार. 2003 साली बोडो आत गेली. कारण बोडोंची मुख्य वस्ती आसामात एकत्र होती आणि ते लढले. संथाली मात्र अनेक राज्यांत विखुरलेली असूनही त्याच वर्षी आत गेली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्या पाठीशी रघुनाथ मुर्मूंची ओल चिकी लिपी होती आणि झारखंडची मोठी चळवळ होती. गोंडीला मात्र इथे देवनागरी, तिथे तेलुगू. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली स्वतंत्र लिपी घडवली, आदिलाबादच्या गुंजाळा गावी आणखी एक निराळी लिपी जुन्या हस्तलिखितांत सापडली. संगणकाच्या जागतिक युनिकोड प्रणालीत दोन्हींना जागा मिळाली, 2017 आणि 2018 साली. सरकारी पाठ्यपुस्तकात त्यांची वाट अजून अवघडच आहे. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली आयुष्यभर गोंडी भाषा आणि धर्मावर लिहीत राहिले, 2015 साली गेले. आमच्या किती घरांत त्यांचे एखादे पुस्तक आहे?

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे. 2025 साली पहिलीपासून हिंदी नको म्हणून महाराष्ट्र पेटला आणि सरकारने आदेश मागे घेतला, तेही ठीक. पण त्या गदारोळात कोणी म्हणाले का, की भामरागड-एटापल्लीच्या माडिया मुलाला पहिलीत मराठी हीच परकी आहे? लहान मुलाला परभाषेत शिकवणे अन्यायाचे आहे, हे मराठी माणसाला दिल्लीकडे पाहताना कळते आणि गडचिरोलीकडे पाहताना विसरते!

संविधानाच्या 350-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यांना सांगितले आहे. ही तरतूद राज्यपुनर्रचनेच्या वेळीच, 1956 च्या घटनादुरुस्तीने आली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती विनामान्यता म्हणून बेकायदा ठरवली, आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घ्यावी लागली.

‘जय भीम’ म्हणणारे आणि ‘जय सेवा’ म्हणणारे नागपुरात एकमेकांच्या मंचावर बसतात, हार घालतात. त्याच मंचावरून मोहगावच्या शाळेला मान्यता आणि गोंडीला आठवी अनुसूची या दोन मागण्याही झाल्या पाहिजेत, आणि त्या आपण कराव्यात. आणखी एक काम तर लगेच करण्यासारखे आहे. 2027 च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे. गोंड समाज एक कोटीच्या वर असताना गोंडी बोलणारे तीस लाखच दिसतात. काहींची भाषा सुटली हे खरेच, पण काहींच्या घरी प्रगणकाने न विचारताच मराठी किंवा हिंदी लिहिले नसेल कशावरून? आपल्या समाजातील कितीतरी शिक्षक प्रगणक म्हणून घरोघर जातात. त्यांनी गोंडाच्या दारात तो प्रश्न मोठ्याने विचारावा, आणि उत्तर येईल तेच लिहावे.