तालमीतील लढत

चैत्र महिना लागला की मावळात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवाची पालखी निघते आणि दुपार कलल्यावर कुस्त्यांचा आखाडा भरतो. तेथे एखादी कुस्ती दोन-चार क्षणांत चितपट होते व टाळ्यांचा गजर होतो. परंतु त्या क्षणाची तयारी तालमीच्या हौद्यात कित्येक महिने चाललेली असते. ती पाहण्यास कोणी जमत नाही.

हौद्यातील तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद व लिंबाचा रस मिसळतात. त्यामुळे ती मऊ राहते आणि पडणाऱ्यास सहसा इजा होत नाही. जोर-बैठकांनी अंगात बळ येते. पण बळ म्हणजे कुस्ती नव्हे. प्रतिस्पर्धी काही खांबासारखा उभा राहत नाही! म्हणून वस्ताद रोज जोड्या लावून देतो. मानेवर हात टाकून, मनगट धरून दोघे एकमेकांचा अंदाज घेतात. या झटापटीस खडाखडी म्हणतात. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, हे डोळ्यांच्या आधी हातांना कळू लागते, ते येथेच.

वस्तादाची खरी पारख जोडी लावण्यात दिसते. नेहमी दुबळा जोडीदार मिळाला, तर मुलगा गाफील होतो. नेहमी वरचढ मिळाला, तर तो केवळ बचाव शिकतो आणि मनात धास्ती धरतो. म्हणून जोड्या बदलत्या ठेवाव्या लागतात. नवा डाव तर प्रथम फसतोच. एकेरी पट काढावयास वाकलेला मुलगा अनेकदा तोंडघशी पडतो. जो तालमीत हरावयास लाजतो, तो येत असलेल्या एक-दोन डावांवरच विसंबून राहतो. मग जत्रेत त्या डावांची तोड जाणणारा भेटला, की त्याची पाठ मातीला लागते. असा मल्ल पुष्कळदा दिसावयास मोठा धिप्पाड असतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा मातीत वाढलेल्या त्या मल्लास गादी नवखी होती. तेथे ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

मुठा खोऱ्यातील मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ ‘महाराष्ट्र केसरी’च्या विजेत्यास चांदीची गदा दिली जात आली आहे. त्या स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असतात आणि अखेरची लढत दोहोंच्या विजेत्यांत होते. मावळातील मुलांना आता दोन्ही ठिकाणी पडावयास शिकावे लागते.